ढाल्याचे दगड किती दूर उडाले?

पडद्यावर दिसणारी सपाट माथ्याची ही टेकडी मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यात, ढाला गावाजवळ, आकाशातून कोसळलेल्या अशनीने पाडलेल्या एका प्राचीन विवरात आहे. ग्वाल्हेरहून सरळ दक्षिणेला निघालो, तर ती सुमारे १०० किलोमीटरवर लागते. ग्वाल्हेरच्या लष्कर या वस्तीतल्या आमच्या मराठी घरांमध्ये सुटीत लोणारचे विवर पाहून आलेली माणसे सहज भेटतात, ढाला पाहून आलेला माणूस मात्र शोधावा लागतो, आणि हे चित्रीकरण हाती घ्यायला आम्हांला तेवढे कारण पुरेसे वाटले.

टेकडीवरचा वालुकाश्म विंध्य समूहातला, म्हणजे ग्वाल्हेरचा किल्ला ज्या खडकावर उभा आहे त्याच कुळातला आहे. विवर पडल्यावर त्याच्या खोलगट भागात गाळ साचला, त्याचा दगड झाला, भोवतालचे सारे झिजून गेले आणि खड्ड्यातले भरण तेवढे उंच राहिले. विवराचा व्यास सुमारे ११ किलोमीटर भरतो. लोणारचा व्यास १.८ किलोमीटर असल्याने काठावर उभे राहून ते एका नजरेत मावते. इथे मात्र शेते, वाड्या आणि रस्ते विवराच्या आतच आहेत.

आता तळहातावरचा हा तुकडा पाहावा. गुलाबी ग्रॅनाइटच्या लहानमोठ्या कपच्या बारीक चुऱ्यात घट्ट बसल्या आहेत, आणि एकीचीही धार बोथटलेली नाही. नदीने वाहून आणलेला दगड गोल होतो. हा जागच्या जागी फुटला आणि सांधला गेला. अशा खडकाला कोणाश्म म्हणतात. पूर्वी या जागेचा संबंध ज्वालामुखीशी जोडला जात असे. अलाहाबाद विद्यापीठाचे भूवैज्ञानिक जयंत कुमार पती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या क्वार्ट्झच्या कणांत सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींना समांतर, अतिशय जवळजवळच्या रेघा दाखवल्या, आणि २००८ साली त्यांचा सविस्तर लेख प्रसिद्ध झाला. अशा रेघा उमटवणारा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. तो अशनीच्या आघातातूनच येतो. हा आघात २५० कोटी ते १७० कोटी वर्षांपूर्वीच्या काळात केव्हातरी झाला.

आघातानंतर बाहेर उडतात ते अशनीचेच तुकडे, असा एक गैरसमज सर्रास आढळतो. मोठे विवर पाडणारा अशनी स्वतः बहुतांशी वितळतो किंवा त्याची वाफ होते, त्यामुळे चहूकडे पसरणारा मलबा मुख्यतः जमिनीचाच असतो. आघाताची लाट खडकातून खाली आणि बाजूंना धावते, तिच्या मागोमाग खडक वर आणि बाहेर फेकला जातो, आणि चिखलात जोराने दगड टाकल्यावर भोवती शिंतोड्यांचा झगा उभा राहावा तसा मलब्याचा झगा कडेकडेने पसरत जातो. केंद्राजवळचे खडक अधिक वेगाने सुटून दूर पडतात, काठाजवळचे काठालगतच उलथतात. म्हणून ताज्या विवराच्या काठावर थर उलटे सापडतात, खालचा वर आणि वरचा खाली. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या विवराभोवती लोखंडी अशनीचे तुकडेही कित्येक किलोमीटरपर्यंत विखुरलेले मिळाले, कारण तो धातूचा होता आणि त्याचा काही भाग वाचला. हवेतच फुटणाऱ्या अशनींची गोष्ट वेगळी. त्यांचे तुकडे लंबवर्तुळाकार पट्ट्यात पडतात, जड तुकडे पुढे आणि हलके मागे.

सलग मलब्याचे आवरण साधारणपणे काठापासून विवराच्या एका त्रिज्येइतके पसरते. लोणारचे आवरण काठापासून सव्वा किलोमीटरच्या पलीकडे जाते. त्यापुढे तुरळक दगड, आणि त्याहून पुढे वितळलेल्या काचेचे थेंब. जर्मनीतल्या २४ किलोमीटर व्यासाच्या रीस विवरातून उडालेले चुनखडीचे ठोकळे सुमारे ७० किलोमीटरवर पडले, आणि त्याच आघाताची हिरवी काच, मोल्डावाइट, चेक प्रदेशात ४०० किलोमीटरच्या पलीकडेही सापडते. थराची जाडी अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. केंद्रापासून दुप्पट अंतरावर ती एकअष्टमांश उरते. या नियमाने ढाल्याच्या काठाशी ८० मीटरचा थर धरला, तर १०० किलोमीटरवर, म्हणजे आज ग्वाल्हेर आहे तिथे, तो १.३ सेंटिमीटरच्या आसपास येतो. हा आकडा केवळ गणिताचा आहे. पण ग्वाल्हेरच्या महाराज बाडा चौकात उभे राहून तो मनाशी घोळवावा, असे आम्हांला फार वाटले. किल्ल्याच्या वालुकाश्मात त्या थराचा शोध घेण्यात अर्थ नाही, कारण तो दगड आघातानंतरचा आहे.

(क्षणभर केवळ दृश्य: शेताचा बांध.)

इतक्या काळात ढाल्याचा उंच काठ झिजून गेला, आणि विवराबाहेर फेकला गेलेला मलबाही त्याच्यासोबत गेला. आघाताची साक्ष आता उघड्या पडलेल्या कोणाश्मात आणि वितळून गोठलेल्या खडकात आहे, आणि एखाद्या रस्त्याच्या भरावात ते दगड गेले की ती पुसली जाते.

हा बांध नांगराला अडलेले दगड वेचून रचलेला आहे. खालून तिसऱ्या ओळीतल्या डावीकडच्या दगडावर पाणी शिंपडले, तेव्हा गुलाबी कपच्यांच्या धारा स्पष्ट दिसू लागल्या. आम्ही छायाचित्र घेतले, जागेची नोंद केली आणि दगड होता तिथेच ठेवला.