स्टाउट, आईची भाजणी आणि स्मोक अलार्म

नमस्कार मंडळी, कसे आहात, हीटिंग लावलंय ना? आजचा विषय ऐकून काही काका-काकू रेडिओ बंद करतील हे माहितीये मला, पण थांबा जरा, आज दारूपेक्षा भाजण्याबद्दलच जास्त बोलणार आहे.

परवा पबमध्ये आपल्या मंडळातला एक जण वैतागून म्हणाला, अरे ही बघ, ऊसाच्या रसासारखी पिवळी बिअर आणि पाटीवर लिहिलंय गोल्डन स्टाउट, स्टाउट म्हणजे काळी ना? तर नाही. स्टाउटचा मूळ अर्थ काळी नाहीच, मूळ अर्थ नुसता तगडी, कडक. लंडनचे हमाल जी बिअर प्यायचे तिचं नाव पडलं पोर्टर, आणि त्यातली जास्त कडक ती स्टाउट पोर्टर, पुढे पोर्टर गळून पडलं आणि नुसतं स्टाउट राहिलं. आणि आज? डब्लिनच्या गिनेस कंपनीची ड्राफ्ट स्टाउट 4.2 टक्के अल्कोहोलची, म्हणजे नेहमीच्या 5 टक्केवाल्या लागरपेक्षा (थंडीत आंबवलेली, बहुधा पिवळी बिअर) हलकी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

मग आज स्टाउट कशाला म्हणायचं? माझ्या मते भाजलेल्या जवाच्या चवीला. कॉफी, कडू कोको, जरा करपट, ती चव. परत सांगतो, रंग नाही, भाजलेली चव. जर्मनीची श्वार्झबिअर कोळशासारखी काळी असते पण ती लागर, करपट चव नावालाच. आणि ती गोल्डन स्टाउट, तिच्यात कॉफी आणि कोको वरून घालतात, म्हणून डोळे मिटून प्यायली तर चकवते. (त्या केक-बिस्किटवाल्या पेस्ट्री स्टाउटबद्दल मला विचारू नका, ज्याला गोड खायचंय त्याने सरळ श्रीखंड खावं.)

तर आता गोष्ट. काही वर्षांपूर्वी आई सहा महिन्यांसाठी इथे लंडनच्या क्रॉयडनला आलेली, डिसेंबर होता, आणि मला घरी स्टाउट करायची हुक्की आली. इथे 1963 पासून घरच्यापुरती बिअर करायला लायसन्स लागत नाही, विकायची नाही बस. मी ऑनलाइन सामान मागवलं आणि त्या दुकानवाल्याने भाजलेल्या जवाऐवजी अर्धा किलो कच्चे जव पाठवले, पांढरेफटक. फोनवर म्हणे आठवडा लागेल बदलून द्यायला. मी चिडून पिशवी कचऱ्यात टाकणार तेवढ्यात आई म्हणाली, अरे भाजायचेच आहेत ना, आण इकडे, उभा जन्म भाजणी भाजण्यात गेला माझा.

लोखंडी कढई चढवली, गॅस मंद, हातात उलथनं. दहा मिनिटांत घरभर सातूच्या पिठाचा वास सुटला, मस्त. जव तांबूस झाले आणि तिने गॅस बंद केला. म्हटलं, आई, अजून. ती म्हणाली, झाले की खमंग. म्हटलं खमंग नको, काळे हवेत, कॉफीच्या बियांसारखे. माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी पुरणपोळीत लसूण घाल म्हणालो. धान्य करपवायला मी सातासमुद्रापार आलेय का, असं म्हणाली, पण गॅस परत लावला. मग जव तडतडायला लागले, पांढरा धूर निघाला, आणि स्मोक अलार्म जो कोकलायला लागला, आई घाबरून कढई घेऊन थेट मागच्या अंगणात, साडी, वरून माझं जॅकेट, बाहेर 3 डिग्री, आणि कढईतून धूर.

कुंपणापलीकडून शेजारचे आयरिश आजोबा डोकावले. मला वाटलं आता फायर ब्रिगेडला फोन करतात. तर ते डोळे मिटून नाकाने लांब श्वास घेतायत. म्हणाले, डब्लिनला लहानपणी वारा आमच्या दिशेने असला की गल्लीत हाच वास यायचा. आईला इंग्रजी फारसं येत नाही, तिने मला विचारलं, काय म्हणतायत, तक्रार करतायत का? म्हटलं नाही गं, तुझ्या करपवण्याची तारीफ करतायत.

पण जव काही पूर्ण काळे झालेच नाहीत, गार कढईत तसेच राहिले, काही काळे, काही गडद तपकिरी. मी तसेच वापरले. आणि पुढची फजिती अशी की गॅरेजमध्ये इतकी थंडी की नेहमीचं एलचं यीस्ट (एल म्हणजे उबेत आंबवायची बिअर, स्टाउट त्यातलीच) दोन दिवस हललंच नाही. घरात लागरच्या यीस्टचं पाकीट पडलेलं, त्याला गारठा चालतो, ते टाकलं. म्हणजे रेसिपी एलची आणि यीस्ट लागरचं, ना घर का ना घाट का.

पण असल्या संकरित बिअर जगात पुष्कळ आहेत हे सांगायला हवं. पोलंडकडची बाल्टिक पोर्टर अशीच, काळी आणि कडक पण लागरच्या यीस्टने थंडीत केलेली. उलटं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोची स्टीम बिअर, तिथे बर्फ मिळेना म्हणून लागरचं यीस्ट उबेतच वापरलं. कोलोनची कोल्श आणखी वेगळी, यीस्ट एलचं आणि मग लागरसारखी गारठ्यात मुरवायची, आणि तिथे 200 मिलीचा ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो, नको असेल तर ग्लासवर कोस्टर ठेवायचा. जमैकातली स्टाउटही बहुधा लागरच्या यीस्टचीच.

आणि हो, 1880 पर्यंत इंग्लंडमध्ये मोड न आणलेले जव बिअरमध्ये घालायला मनाईच होती, कारण टॅक्स माल्टवर, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या जवावर होता, म्हणजे आईची कढई तेव्हा चक्क बेकायदेशीर ठरली असती. त्याआधी रंग यायचा माल्ट भाजून, 1817 मध्ये डॅनियल व्हीलरने फिरत्या ड्रमचं पेटंट घेतलं, तोवर लाकडाच्या धगीवर सुकवलेला तपकिरी माल्ट. तीच पोर्टर आपल्याकडच्या गोऱ्या शिपायांना बोटी भरभरून जायची, आयपीए आयपीए (इंडिया पेल एल) करतात लोक पण ती साहेबांची. त्या शिपायांवरून आठवलं, इंग्रजीत डोकं फिरलेल्याला डुलाली म्हणतात ना, ते आपलं नाशिकजवळचं देवळाली, परतीच्या बोटीची वाट बघून तिथल्या छावणीत वेडे व्हायचे बिचारे. विषय सोडला मी, असो.

सहा आठवड्यांनी बाटल्या उघडल्या. रंग कडक चहासारखा, उजेडात धरला तर लाल. आजोबांना बोलावलं. बघून म्हणाले, ब्राऊन एल दिसतेय. मी म्हटलं डोळे मिटा. घोट घेतला, गप्प, मग दुसरा घोट, आणि म्हणाले स्टाउट. रंग नाही मंडळी, भाजलेली चव, तिसऱ्यांदा सांगतोय.

आई पीत नाही. तिने नुसता वास घेतला आणि म्हणाली, कॉफी, आणि तव्याला चिकटून राहिलेला भाकरीचा पापुद्रा. मग बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं, काढा आहे म्हणाली, आणि उरलेल्या तपकिरी जवांचं काय करायचं ते विचारायला लागली. मूठ-दीड मूठ उरले होते, ते तिने मिक्सरला फिरवून थालीपिठाच्या पिठात मिसळले. आजोबांनी तीन खाल्ली, लोणी लावून.