बोरघाट : चढणीवरची माणसं

[दृश्य : कर्जत स्टेशन, सकाळ]

पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते. वडापाववाले खिडक्यांशी येतात, आणि तेवढ्यात गाडीच्या शेपटीला जादा इंजिनं जोडली जातात. रेल्वेतली माणसं त्यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढणार, मागची ढकलणार, तेव्हा कुठे गाडी घाट चढणार. आजच्या ताकदवान विजेच्या इंजिनांनाही हा आधार लागतो. मग विचार करा, १८६३ साली कोळशावर आणि वाफेवर चालणाऱ्या इंजिनानं हीच चढण कशी पार केली असेल? आणि त्याआधी सात वर्षं खपून ती कोणी तयार केली असेल?

घाटाच्या कागदपत्रांत काही नावं ठळकपणे येतात. जेम्स बर्कले, विल्यम फेवियल, सॉलोमन ट्रेडवेल आणि त्याची बायको अ‍ॅलिस. हजारो नावं येतच नाहीत. ज्यांची येतात, त्यांच्यापासून सुरुवात करू.

[दृश्य : जुना नकाशा, मुंबई ते पुणे]

जेम्स जॉन बर्कलेचा जन्म १८१९चा, लंडनजवळच्या हॉलोवेचा. इंग्लंडातला नावाजलेला रेल्वे इंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सन, त्याच्या हाताखाली तो रेल्वेचं काम शिकला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वेचा मुख्य इंजिनिअर म्हणून १८५०च्या फेब्रुवारीत तो मुंबईत उतरला, तेव्हा त्याचं वय होतं ३०. तोवर मुंबईत रेल्वेची हवा तयार झाली होती. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखी वजनदार माणसं या खटपटीत होती. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे ही २१ मैलांची गाडी धावली. तो दिवस आपण सगळे शाळेत पाठ करतो. पण इंजिनिअरच्या नजरेनं पाहिलं, तर तो सपाटीवरचा मार्ग होता. खरी परीक्षा होती सह्याद्रीची.

आकडे नीट ऐका, कारण सगळी अडचण आकड्यांतच आहे. घाटाचा पायथा समुद्रसपाटीपासून १९६ फुटांवर, माथा २,०२७ फुटांवर. म्हणजे १,८३१ फूट चढायचं, आणि तेही जेमतेम १६ मैलांत. सरासरी काढली तर दर ४६ फूट पुढे गेलं की एक फूट वर. सगळ्यात कठीण टप्प्यात तर ३७ फुटांना एक फूट. बैलगाडीला किंवा घोड्याला हा चढ काहीच नाही. आगगाडीचं तसं नसतं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर टेकतं ते नखाएवढ्या जागेवर, आणि पावसात रूळ ओले झाले की ही पकडही सुटते. चाक जागच्या जागी फिरतं, गाडी हलत नाही. त्याहून वाईट म्हणजे ती मागे सरकते.

इंग्लंडमध्ये काही ठिकाणी अशा चढावर माथ्यावर इंजिन बसवून दोरानं डबे ओढत. बोरघाटात चढण इंजिनानंच चढायची असं ठरलं. त्यासाठी उतार आवाक्यात ठेवायचा, म्हणजे रस्ता लांबवायचा, म्हणजे डोंगराच्या कडेकडेनं वळत जायचं. आणि इथे एक जागा अशी होती की वळायला डोंगरच उरत नव्हता. खंडाळ्याच्या खाली, अरुंद सोंडेच्या टोकाशी, गाडीला वळसा घेण्याएवढी जागा नव्हती.

[दृश्य : रेखाचित्र, उलट्या इंग्रजी व्ही अक्षरासारखा मार्ग]

यावरचा तोडगा म्हणजे रिव्हर्सिंग स्टेशन. गाडी चढून सोंडेच्या टोकाशी येते आणि थांबते. इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावतात. सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा जोड, बदलतात. मग गाडी जिकडून आली जवळपास तिकडेच तोंड करून, पण वरच्या फाट्यानं, पुढची चढण चढू लागते. वळण न घेता दिशा बदलली आणि उंचीही वाढली. मात्र यात एक धोका कायमचा होता. वरून उतरणारी गाडी या टोकाशी थांबलीच पाहिजे, कारण पुढे रूळ संपतो आणि दरी सुरू होते. म्हणून घाटासाठी मुद्दाम बनवलेल्या टाकीवाल्या इंजिनांना चाकाच्या ब्रेकशिवाय आणखी एक ब्रेक होता. तो चाकावर न दाबता थेट रुळावर दाबायचा, घसरगाडीच्या पट्टीसारखा. शिवाय मार्गावर ठिकठिकाणी कॅच सायडिंग केले. हा मुख्य रुळातून फुटून उलट चढावर जाणारा फाटा. सांधा नेहमी या फाट्याकडेच लावलेला असायचा. गाडी ताब्यात आहे याची खात्री पटली, की मगच तो मुख्य रुळाकडे फिरवायचा. सुटलेली गाडी आपोआप चढावर जाऊन थांबावी, एवढा साधा विचार. घाटात ही व्यवस्था आजही आहे.

कागदावरचं हे सगळं दगडात उतरवायला जानेवारी १८५६मध्ये सुरुवात झाली. कंत्राटदार होता विल्यम फेवियल. मुंबई-ठाणे मार्ग बांधणाऱ्या जोडीतला हा एक.

[दृश्य : काळ्या कातळाचा कडा, जवळून]

हा दगड बघा. काळा फत्तर. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थरावर थर, आणि त्यातला घट्ट थर लागला की पहार नुसती वाजते. अशा दगडातून २५ बोगदे काढायचे होते. डायनामाइट अजून जगात आलेलं नव्हतं, नोबेलनं त्याचं पेटंट घेतलं ते १८६७ला. त्यामुळे सगळं काम हातानं आणि बंदुकीच्या काळ्या दारूनं. एक जण छिन्नी धरून बसायचा आणि प्रत्येक घावानंतर ती थोडी फिरवायचा, म्हणजे ती अडकत नाही आणि भोक गोल राहतं. दुसरा, कधी तिसराही, घण घालायचा. भोक पुरेसं खोल गेलं की आतला चुरा खरवडून काढायचा, दारू भरायची, वात सोडायची, वर माती ठासायची. ठासताना लोखंडाची कांब दगडावर घासून ठिणगी पडली की खेळ तिथेच संपला. डोंगरातून पाझरणाऱ्या पाण्यानं दारू भिजली की सुरुंग उडत नाही. आणि न उडालेला सुरुंग हा सगळ्यात घातक, कारण तो उकरून काढायला माणूसच जातो.

काही बोगद्यांची तोंडं उभ्या कड्यात होती. तिथे उभं राहायलाही जागा नाही. मग वरच्या धारेवरून दोराला बांधून माणसं खाली सोडायची, आणि त्यांनी लोंबकळतच पहिली भोकं पाडायची. पाय टेकवण्यापुरती कपार झाली की पुढचं काम.

हे करणारे होते देशावरचे आणि कोकणातले कामकरी. त्यांच्यात फत्तर फोडण्यात पिढ्यानपिढ्या हात बसलेले वडार होते, आणि डोक्यावर दगडमातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायकाही होत्या. काम चालायचं दसऱ्याच्या सुमाराला पाऊस ओसरल्यापासून मृगाच्या तोंडापर्यंत. खंडाळ्याच्या पावसात कापलेला उतार ढासळतो, ओला चुना धुऊन जातो, आणि माणसंही पेरणीला गावी निघून जातात. म्हणजे वर्षातले जेमतेम आठ महिने हातात. त्यातही फाल्गुन-चैत्रात ओढे आटायचे. गवताच्या झोपड्यांतली हजारो माणसं उरल्यासुरल्या डबक्यांवर यायची, त्याच पाण्यात धुणं, त्याच पाण्यात पिणं. पटकीला, म्हणजे कॉलऱ्याला, आणखी काय हवं? एकेका वस्तीत ती शिरली की मागे राहिलेले रातोरात पळ काढायचे, आणि काम ओस पडायचं.

आता पैशाचं बघू, कारण हा घाट एकदा पैशावरूनच अडला. कंपनी पैसे द्यायची कंत्राटदाराला, तो पोटकंत्राटदाराला, तो मुकादमाला, आणि सगळ्यांच्या हातून उरलेलं मजुराला. यातल्या एकानं पैसे दाबले किंवा मापावरून वाद घातला, की शेवटच्या माणसाची मजुरी थकायची. घरापासून लांब, उसनवारीवर दाणे घेऊन जगणाऱ्या माणसाची ही मजुरी. १८५९च्या सुरुवातीला घाटात दंगा उसळला. थकलेली मजुरी आणि गोऱ्या मुकादमांची वागणूक, ही त्याची कारणं. सरकारला चौकशी करावी लागली. फेवियलनं कंत्राट सोडलं. पुढच्याच वर्षी, १८६०ला, सार्वजनिक कामांवरच्या मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटनं सोडवावेत असा कायदा आला. तो मजुराच्या बाजूनं पुरता नव्हता, काम सोडून जाणाऱ्याला शिक्षाही त्यातच होती. तरी घाटातल्या नावं नसलेल्या माणसांनी सरकारला कायदा करायला भाग पाडलं, ही गोष्ट फार कमी सांगितली जाते, आणि ती सांगितलीच पाहिजे.

[दृश्य : ट्रेडवेल अल्बममधली छायाचित्रं]

सप्टेंबर १८५९मध्ये नवा कंत्राटदार आला. सॉलोमन ट्रेडवेल, इंग्लंडातल्या नावाजलेल्या कंत्राटदार घराण्यातला. बरोबर बायको, अ‍ॅलिस. महिना संपायच्या आत सॉलोमन वारला.

परक्या मुलुखात, अर्धवट डोंगर फोडून ठेवलेला, मजूर नुकतेच बिथरलेले, आणि अंगावर कंत्राट. अ‍ॅलिस ते सोडून परत गेली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं. तिनं कंत्राट स्वतःकडे ठेवलं. प्रत्यक्ष कामावर स्वेनसन अ‍ॅडमसन आणि जॉर्ज क्लाउझर हे दोन इंजिनिअर नेमले आणि ते पुढे रेटलं. १८६१मध्ये घाटात एकाच वेळी ४२,००० हून जास्त माणसं खपत होती. एवढ्या लोकांना दाणापाणी पुरवणं, हजेरी मांडणं, मजुरी वेळेवर पोचवणं, हा बोगद्याइतकाच मोठा उद्योग होता. आधीचा माणूस त्यातच अडकला होता.

अ‍ॅलिसनं कामाची छायाचित्रंही काढली. त्या काळच्या रीतीनं काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ती सुकायच्या आत धुवायची. घाटातल्या उन्हात आणि दगडाच्या धुळीत हे किती अवघड, ते एकदा डोळ्यांपुढे आणा. त्या चित्रांत अर्ध्या कमानी दिसतात, लाकडी परांच्या दिसतात, आणि कमानींखाली मुंग्यांएवढी माणसं.

बर्कलेची तब्येत भारतात खालावली. १८६१ला तो इंग्लंडला परतला आणि २५ ऑगस्ट १८६२ला सिडनहॅमला वारला. वय ४२. घाट पुरा व्हायला आठ महिने उरले होते.

या सगळ्या वर्षांत मुंबई-पुणे प्रवास तुटकच होता. घाटाखाली खोपोलीपर्यंत रूळ १८५६ला आले, वर खंडाळा ते पुणे गाडी १८५८ला सुरू झाली. मधला घाट प्रवाशांनी पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी चढायचा, १८३०मध्ये मॅल्कम गव्हर्नरनं खुल्या केलेल्या रस्त्यानं. वरच्या रुळांवर धावणारी इंजिनंही याच रस्त्यानं वर न्यावी लागली. याच खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. साहेबाला घाटाची वाट धनगर शिंग्रोबानं दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, असं लोक सांगतात. ड्रायव्हर आजही तिथे नाणं टाकून पुढे जातात.

२१ एप्रिल १८६३ला गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं घाटमार्ग खुला केला.

पण दगडाचं काम समारंभानं पुरं होत नाही. १९ जुलै १८६७, भर पावसात, घाटातला माहूकीमळीचा पूल कोसळला. ५० फुटी गाळ्यांच्या आठ कमानींचा पूल. दोष होता आतल्या बांधकामात. बाहेरून घडीव दगड, आत डबर आणि चुन्याची भर, अशी ही भिंत असते. बाहेरचा थर आतल्या भरीत गुंतवायला आरपार जाणारे लांब दगड घालावे लागतात. चुना चांगला भाजून, घाण्यात मळून, जमायला वेळ द्यावा लागतो. घाई झाली, दगड आखूड पडले, चुना कच्चा राहिला, तर बाहेरून काही दिसत नाही. पाणी आत झिरपत राहतं, भर सुटी होते, आणि एका पावसाळ्यात तोंडाचा दगड भरीला सोडून देतो. यानंतर जीआयपीच्या इतर पुलांचीही कसून तपासणी झाली आणि कित्येक पुन्हा बांधावे लागले. कंपनीच्या भांडवलावर सरकारनं पाच टक्के परताव्याची हमी दिलेली होती. त्यामुळे वाया गेलेल्या चुन्यादगडाचा भार शेवटी इथल्या रयतेच्या सारा-पट्टीवरच आला.

त्याच साली, १८६७ला, अ‍ॅलिस ट्रेडवेल वारली.

[दृश्य : मंकी हिल केबिन, उतरणारी गाडी]

१९२०च्या दशकाच्या अखेरीला नवे बोगदे काढून मार्ग सरळ केला, वीज आली, आणि रिव्हर्सिंग स्टेशन बंद पडलं. पण डोंगर तोच आहे, बराचसा चढही तोच. कर्जतला बँकर जोडतात तेव्हा गाडीला मागून एक हलका धक्का बसतो. पुढच्या वेळी तो बसला की खिडकीतून डावी-उजवीकडे बघा. बोगद्याच्या तोंडाशी कातळावर बोटभर रुंदीच्या उभ्या खाचा दिसतील. त्या सुरुंगाच्या भोकांच्या आहेत.