शवासनात जागं कोण असतं?

नमस्कार. मागे आवाज येतोय ना? ओके. खुर्च्या कमी पडल्यात, पण जे खाली सतरंजीवर बसलेत ते खरं तर फायद्यात आहेत, मांडी भरून आली की बिनधास्त पाय लांब करा, मी काही ओरडणार नाही.

पैशापासूनच सुरुवात करते, कारण योग शिकवायचे पैसे का घेता, हे शेवटी प्रश्नोत्तरात कुणीतरी विचारतंच. मी नागपूरची. आमच्याकडे जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळाचे वर्ग गल्लोगल्ली चालायचे, आजही चालतात, सकाळी सतरंजी काखेत मारून जायचं आणि फी शून्य. मी बारा-तेरा वर्षांची असताना आईबरोबर जायला लागले. शिकवणारे काका बँकेतून रिटायर झालेले, कुणाकडून कधी चहासुद्धा घेतला नाही त्यांनी. पुढे लग्न होऊन पुण्याला आले, नोकरी सुटली, २०११ साली घरातच क्लास सुरू केला, आणि पहिल्या महिन्याची फी घेताना माझा हातच पुढे होईना हो. बायका पाकीट पुढे करायच्या आणि मी म्हणायचे राहू द्या, द्या सावकाश. त्यातल्या दोघी तर सावकाश म्हणजे कधीच नाही असंच समजल्या! आणि लग्नाकार्यात भेटणारी प्रत्येक मावशी, "अगं बाई, योगाचे पैसे घेतेस?" गाण्याच्या क्लासवाल्यांना असं विचारतं का कुणी?

काकांना पेन्शन होती, मला नव्हती. एवढी साधी गोष्ट लक्षात यायला मला दोन वर्षं लागली.

आणि हे जे आपल्याला वाटतं ना की पूर्वी सगळे गुहेत बसायचे, मग आपण येऊन बाजार मांडला, ते तितकंसं खरं नाही. नर्मदेकाठी मालसरला परमहंस माधवदासजी होते, त्यांचे दोन शिष्य बघा. एक मणिभाई देसाई, म्हणजे श्री योगेंद्र, त्यांनी संन्यास न घेता १९१८ मध्ये मुंबईत वर्सोव्याला संसारी माणसांसाठी योग शिकवायला सुरुवात केली, तेच आत्ताचं सांताक्रूझचं योग इन्स्टिट्यूट. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, आपले स्वामी कुवलयानंद, अंमळनेरला शिक्षक होते, त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि उड्डियान, नौली या पोटाच्या क्रिया करणाऱ्या माणसाला चक्क एक्स-रेसमोर उभं केलं, पोटात नक्की होतं काय ते बघायला. गुरू एकच, पण एकाने योग घरात आणला, दुसऱ्याने प्रयोगशाळेत नेला. आणि १९३७ मध्ये पुण्यात आलेले अय्यंगार गुरुजी, तेव्हा विशीसुद्धा गाठली नव्हती, मराठी येत नव्हतं, डेक्कन जिमखान्यावर शिकवायला सहा महिन्यांसाठी म्हणून आले आणि इथलेच झाले. पैसे घेऊनच शिकवायचे, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं ते पैसे पुरायचे नाहीत.

तर पैशाबद्दल माझ्या मनात आता काही नाही. माझी गाडी अडली ती वेगळ्याच ठिकाणी.

समोर तोंड करून शिकवताना आरशासारखं करावं लागतं, म्हणजे तोंडाने म्हणायचं "उजवीकडे वाका" आणि स्वतः डावीकडे वाकायचं. त्रिकोणासन घ्या. पहिली बाजू मी करून दाखवायचे, आणि दाखवता दाखवता बोलायचे, गुडघा ओढून घ्या, छाती उघडा, कुलकर्णी काकू श्वास सोडा, म्हणजे मिनिट-दीड मिनिट मी डावीकडे लटकलेली. दुसऱ्या बाजूला लोकांना कळलेलं असायचं, मग मी मॅटवरून उतरून चुका सुधारत फिरायचे. दिवसाला चार बॅच, वर आठवड्यातून तीन दिवस एक ऑनलाइन, सकाळी सहाची, कारण तेव्हा न्यू जर्सीतल्या मंडळींची रात्रीची जेवणं उरकलेली असतात. असं नऊ वर्षं. एक दिवस जिना चढताना डावा खुबा असा काही धरला की रेलिंगला धरून उभीच राहिले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं, तुम्ही स्वतः किती वेळ करता? मी म्हटलं रोज पाच तास. त्या म्हणाल्या, ते शिकवणं झालं, करता किती?

उत्तर नव्हतं माझ्याकडे. पतंजलींच्या १९५ सूत्रांत आसनावर जेमतेम तीन आहेत, त्यातलं 'स्थिरसुखमासनम्' मी प्रत्येक नव्या बॅचला पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहायचे, आणि माझ्या स्वतःच्या आसनात स्थिर काही नव्हतं, सुखाचं तर नावच नको.

शवासन आठवा. दिवे बंद, पंचवीस माणसं आडवी, कुणीतरी हळूच घोरायला लागलेलं. खोलीत डोळे उघडे असलेली एकच व्यक्ती, मी. एक नजर घड्याळावर, कारण पुढच्या बॅचच्या चपला दारात वाजायला लागलेल्या असतात, आणि तेवढ्यात कुणाचा तरी मोबाईल वाजतो, तोही फुल्ल व्हॉल्यूममध्ये. मुक्ताबाई म्हणून गेली, योगी पावन मनाचा, साही अपराध जनाचा. मला आतून तो फोन खिडकीबाहेर फेकावासा वाटायचा. आणि आवाज मात्र लोण्यासारखा, "शरीर सैल सोडा..." हा आवाजही कमवावा लागतो बरं का, पण त्या आवाजाला स्वतःच फसणारे शिक्षक मी पाहिलेत, मीही त्यातलीच होते.

आता कोर्स करणाऱ्या मुलामुलींसाठी थोडं. आयुष मंत्रालयाच्या सर्टिफिकेशन बोर्डाच्या लेव्हल आहेत, प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टरला २००, वेलनेस इन्स्ट्रक्टरला ४०० तासांचा अभ्यासक्रम धरतात, करा, कागद लागतोच. पण स्टुडिओवाला जेव्हा सांगेल की पोस्टरवर लिही 'थायरॉईड मुळापासून बरा', तेव्हा नाही म्हणा. मला एकाने असं सांगितलं होतं, मी नाही म्हटलं आणि ती बॅच गेली माझी, महिन्याला नऊ हजारांची. गोळी बंद करू का असं विचारणारी बाई आपल्यावर विश्वास टाकून विचारत असते, तिला डॉक्टरकडेच पाठवायचं.

मी शेवटी काय केलं? एक बॅच कमी केली, सरळ सांगायचं तर उत्पन्न घटलं. पहाटे साडेचार ते पावणेसहा दार बंद, कुणालाही काही दाखवायचं नाही, कॅमेरा नाही, सूचना नाहीत. पहिले दोन महिने इतकं कंटाळवाणं गेलं म्हणून सांगू, समोर कुणी नाही म्हटल्यावर आसन दोन मिनिटांत उरकायचं आणि मन स्वयंपाकघरात. अनुलोम-विलोमला बसले तरी डोक्यात आपोआप वाक्यं तयार व्हायची, "आता डाव्या नाकपुडीने..." स्वतःलाच शिकवत होते मी! ते बोलणं अजूनही पूर्ण थांबलेलं नाही, मध्ये मध्ये थांबतं, कधी चार श्वास, कधी दहा. अय्यंगार गुरुजी नव्वदीनंतरही त्यांच्या पुण्यातल्या इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये स्वतःचा अभ्यास करत असायचे, ते आधी नुसतं कौतुकाने ऐकायचे, आता त्याची थोडी धास्तीच वाटते.

आणि खुब्यासाठी आता क्लासमध्ये महिनाआड बाजू बदलते. गेल्या सोमवारी मी म्हटलं आज आधी डावीकडे, तर अख्खी बॅच सवयीने उजवीकडे वाकली, फक्त एक आजोबा डावीकडे, आणि सगळे त्यांच्याकडे बघून सांगतायत, आजोबा, चुकलात!

चला, आता प्रश्न घेऊ. माईक तिकडे द्या जरा, त्या निळ्या साडीतल्या ताई मघापासून हात वर करून बसल्यात.