जुन्नरच्या खानाने अडवलेला घोडा

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘मध्ययुगाच्या अखेरीस धर्म, व्यापार आणि विचार’ असा छापला आहे. त्याकडे वळण्याआधी मला एका वाक्याचा समाचार घ्यायचा आहे. ते वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलं आहे: ‘1453 साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, युरोप आणि आशियामधले खुश्कीचे व्यापारी मार्ग बंद झाले, म्हणून युरोपीय लोक सागरी मार्गाच्या शोधात निघाले.’ पहा, मागच्या रांगेत काहींचे ओठ माझ्याबरोबर हलत आहेत! हमखास गुण मिळवून देणारं उत्तर होतं ते.

आता हे तपासून पाहू. युरोपाला हवी होती मलबारची मिरी. ती कॉन्स्टँटिनोपलच्या वाटेने जातच नव्हती म्हटलं तरी चालेल. ती तांबड्या समुद्रातून जेद्दाला, तिथून कैरोला आणि पुढे अलेक्झांड्रियाच्या बंदरात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातात पडायची. त्या प्रदेशावर राज्य होतं इजिप्तच्या मामलुक सुलतानांचं. ऑटोमन तुर्कांनी इजिप्त घेतलं 1517 साली, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचून 19 वर्षं झाल्यावर. शिवाय कॉन्स्टँटिनोपल पडल्याच्या दुसऱ्याच वर्षी, 1454 मध्ये, व्हेनिसने सुलतान मेहमदाशी तह केला आणि आपला व्यापार सुरू ठेवला. आणि पोर्तुगीज? त्यांनी आफ्रिकेतलं स्यूटा 1415 सालीच घेतलं होतं. 1434 साली त्यांची जहाजं आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं केप बोजादोर ओलांडून दक्षिणेला गेली होती. जी माणसं आधीच निघाली होती, ती पुढे घडणाऱ्या लढाईमुळे निघाली असं आपण मुलांना का शिकवतो?

मला राग सनावळीचा नाही. राग आहे तो त्या वाक्यात दडलेल्या समजुतीचा. धर्म आडवा आला आणि व्यापार थांबला, ही ती समजूत. त्यामुळे पाठ्यपुस्तकात धर्मसुधारणा एका धड्यात, भौगोलिक शोध दुसऱ्या धड्यात आणि आपलं बहमनी राज्य तर तिसऱ्याच इयत्तेत! प्रत्यक्षात धर्म हा व्यापाराच्या वाटेवरचा दगड नव्हता. तो व्यापाराच्या आतच होता: जकातीच्या दरात, जामीन राहणाऱ्या माणसात, सरायीत कोण कोणाच्या हातचं जेवतं त्यात. माल घेऊन परमुलखात उतरणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जायचा तो त्याच्या धर्माचा. या रोजच्या प्रश्नानेच काही माणसांच्या डोक्यातले विचार हलले, असं माझं म्हणणं आहे.

त्यासाठी मी आपल्याला जुन्नरला नेणार आहे.

1470 च्या आगेमागे, साल-दोन सालांबद्दल अभ्यासकांत वाद आहे, चौलच्या बंदरात एक रशियन व्यापारी उतरला. अफनासी निकितिन त्याचं नाव, गाव त्वेर, व्होल्गाकाठचं. निघाला होता कॅस्पियनच्या बाजूला व्यापार करायला. अस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटलं. मालाबरोबर त्याची धर्माची पुस्तकंही गेली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. घरी कर्ज होतं, रिकाम्या हाताने परतायची सोय नव्हती. मग तो दरबंद, बाकू, इराण असा खाली सरकत इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझ बंदरात आला. तिथे त्याने ऐकलं की हिंदुस्थानात घोड्याला मागणी आहे. ते खरंच होतं. दख्खनच्या हवेत चांगल्या घोड्यांची पैदास होत नाही. बहमनी आणि विजयनगर दोघांचं घोडदळ अरबस्तान-इराणहून येणाऱ्या घोड्यांवर उभं. त्याने एक घोडा घेतला, घोडे वाहणाऱ्या गलबतात चढवला आणि मस्कत, दीव, खंबायत करत चौलला उतरला. घोडा इथवर आणायला आपल्याला शंभर रूबल पडले, असं त्याने लिहून ठेवलं आहे.

त्याच्या टिपणांतलं आपलं कोकण वाचण्यासारखं आहे. लोक अंगात कपडा घालत नाहीत, डोकं उघडं, केसांची एक वेणी, आणि सगळे माझ्यामागे येतात, गोऱ्या माणसाचं त्यांना नवल वाटतं. चौलहून मजल दरमजल करत तो घाट चढून जुन्नरला आला आणि पाऊस लागला. चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल, असं तो म्हणतो. जुन्नरकडच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको! जुन्नरचा किल्ला देवाने घडवलेल्या खडकावर आहे, वर जायची वाट इतकी अरुंद की दोन माणसं बरोबरीने जाऊ शकत नाहीत, हेही त्याने टिपलं आहे. आणि घोड्यांना इथे हरभरा घालतात, शिवाय साखर आणि तूप घालून खिचडी शिजवून भरवतात. खिचडी हा शब्दच त्याने रशियन वळणाने लिहिला आहे. आपल्या नेहमीच्या जेवणाची रशियन लिखाणात नोंद झाली ती अशी, घोड्याच्या खुराकाच्या यादीत.

तर जुन्नरला त्या वेळी असदखान होता, मलिक-उत-तुज्जारच्या हाताखालचा. व्यापाऱ्यांचा सरदार अशी ही पदवी, आणि ती धारण करणारा महमूद गवान हा बहमनी राज्याचा वजीर. गवान स्वतः गिलानहून दाभोळला व्यापारी म्हणून उतरलेला. राज्याच्या सर्वोच्च वजिराची पदवीच व्यापाऱ्यांची असावी, यावरून त्या काळाचा अंदाज करा. याच गवानाने खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, आणि संगमेश्वरवर मोहीम काढली. तिचं मोठं कारण म्हणजे तिथल्या राजांची गलबतं समुद्रात मुसलमान व्यापाऱ्यांची आणि यात्रेकरूंची जहाजं लुटत होती. ज्या दर्यावर हाज यात्रेला जाणारे लोक, त्याच दर्यावर होर्मुझहून येणारे घोडे. ती मोहीम धर्माची की धंद्याची, हे वेगळं काढून दाखवा पाहू!

असदखानाने निकितिनचा घोडा अडवला. हा माणूस मुसलमान नाही, रशियन आहे, हे कळल्यावर त्याने अट घातली. आमचा धर्म स्वीकार, घोडा परत देतो आणि वर हजार सोन्याची नाणी देतो. नाही स्वीकारलास तर घोडा जप्त आणि तुझ्याकडूनच हजार नाणी वसूल करीन. मुदत चार दिवस.

इथे क्षणभर थांबू या. त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. घरापासून हजारो मैल दूर, पावसाने वाटा बंद, सगळं भांडवल एका जनावरात अडकलेलं. आणि त्या जनावराची किंमत आता त्याच्या श्रद्धेच्या बदल्यात ठरते आहे. त्याने केलं काय? चौथा दिवस उजाडायच्या आत खुरासानचा ख्वाजा मुहम्मद जुन्नरला आला. निकितिनने त्याचे पाय धरले. ख्वाजा खानाकडे गेला, रदबदली केली, घोडा सोडवून आणला आणि याला बाटवू नका असंही पटवलं. म्हणजे धर्मावरून अडवणारा मुसलमान, आणि धर्म राखून घोडा परत मिळवून देणारा, बहुधा व्यापारीच, तोही मुसलमान. निकितिनच्या मते हा देवाचा चमत्कार. मला त्यात व्यापाऱ्यांचा परस्परांशी असलेला शब्द दिसतो. परक्या व्यापाऱ्याचा माल असा हिसकावला जातो असं होर्मुझपर्यंत पोचलं, तर उद्या घोडे येणार कोणाकडे?

सुटल्यावर त्याने मायदेशी लोकांना लिहिलं: रशियातल्या ख्रिस्ती बांधवांनो, हिंदुस्थानात जायचं असेल तर आपला धर्म घरी ठेवा आणि मुहम्मदाचं नाव घेऊन निघा. मागोमाग तक्रार: मिरी आणि रंग स्वस्त आहेत, इतरांना जकात माफ होते, आम्हाला होत नाही. इस्लामी कायद्याच्या ग्रंथांत तर दरच बांधून दिलेला दिसतो, मुसलमान व्यापाऱ्याला अडीच टक्के, राज्यातल्या बिगरमुसलमानाला पाच, बाहेरून येणाऱ्याला दहा. धर्माचा रकाना असा थेट हिशेबात उतरायचा.

बिदरला त्याने घोडा विकला. तिथे खुरासानचा ख्वाजा युसुफ असं नाव घेऊन तो वावरत होता. पण हिंदूंशी ओळख वाढल्यावर त्याने सांगून टाकलं, मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझं नाव अफनासी. त्यानंतर, तो लिहितो, त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नाही, खाणं नाही, व्यापार नाही, प्रार्थना नाही. त्यांच्याबरोबर तो श्रीशैलच्या यात्रेला गेला. हिंदुस्थानात चौऱ्यांशी धर्म आहेत आणि एका धर्माचे लोक दुसऱ्याबरोबर खातपीत नाहीत, ही त्याची नोंद. आता त्या लुटलेल्या पुस्तकांकडे या. पंचांगच गेल्यामुळे ईस्टर कधी, उपवास कधी सुरू करायचा, हे त्याला कळेना. आजूबाजूचे मुसलमान रोजे धरत, त्यांच्याबरोबर हाही उपास करी, आणि मग वहीत कळवळून लिही की माझा ख्रिस्ती धर्म हातून सुटत चालला आहे. परतीच्या आधी त्याने लिहिलं की खरा धर्म कोणता ते देव जाणे, एका देवाला ओळखणं आणि शुद्ध जागी शुद्ध मनाने त्याचं नाव घेणं, हाच खरा धर्म. टिपणांच्या शेवटच्या प्रार्थनेत रशियनबरोबर अरबी, फारसी, तुर्की शब्द मिसळले आहेत. दाभोळहून तो परतला, पण त्वेरला पोचण्याआधी स्मोलेन्स्कच्या वाटेवर वारला.

हा कोणी धर्मशास्त्री नाही. कर्जात बुडालेला घोडेविक्या आहे. त्याने हा निष्कर्ष काढला तेव्हा जर्मनीत धर्मसुधारणा सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरचा जन्मही झाला नव्हता. चौलला लागून असलेल्या रेवदंड्याला निकितिनचं स्मारक आहे. अलिबागकडे गेलं की समुद्र बघायला आपण थांबतोच, तिथेही थांबा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं उरली आहेत, तेव्हा कबूल केलेला बाकीचा विषय भराभर सांगतो.

पोर्तुगीज. 1498 साली कालिकतला गामाने एक माणूस किनाऱ्यावर पाठवला. तिथे भेटलेल्या ट्यूनिसच्या मुसलमानांनी विचारलं, इथे कशाला आलात? उत्तर मिळालं, ख्रिस्ती लोक आणि मसाले शोधायला. एका दमात दोन्ही. कालिकतचं देऊळ पाहून ते चर्च आहे असं त्यांना वाटलं, कारण ते पाहायचंच ठरवून आले होते. पुढे त्यांनी समुद्रात जहाज नेण्याचा परवाना काढला, कर्ताझ. तो नसेल तर जहाज जप्त. 1510 मध्ये गोवा घेतल्यावर घोड्यांचा व्यापार गोव्यातूनच व्हावा असा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने आटापिटा केला. 1560 साली तिथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, बसलं, तरी जकातीचे मक्ते घेणाऱ्यांत हिंदू व्यापारी ठळकपणे राहिलेच. सक्ती आणि गरज एकाच बंदरात नांदत होत्या.

आता जर्मनी. ब्रांडेनबुर्गचा आल्ब्रेख्ट पंचविशीही न गाठलेला, आधीच माग्डेबुर्गचा आर्चबिशप, त्याला वर माइन्झचंही पद हवं होतं. रोमला भरायची रक्कम त्याने ऑग्सबर्गचा सावकार याकोब फुगर याच्याकडून कर्जाऊ घेतली, 29,000 गुल्डेन. 1515 साली पोप दहाव्या लिओने त्याच्या मुलखात पापमुक्तीची पत्रं, म्हणजे पैसे भरून पापाची शिक्षा माफ करून घेण्याची पत्रं, विकायला मान्यता दिली. उघडपणे सांगायचं ते सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी. आतला करार असा की निम्मी रक्कम फुगरच्या कर्जफेडीला. पत्रं विकत फिरणाऱ्या टेट्झेलबरोबर फुगरचा माणूस असे. 1517 साली ल्यूथरने 95 मुद्दे मांडले, त्यांतला एक सरळ विचारतो की पोप एवढा श्रीमंत आहे तर स्वतःच्या पैशाने चर्च का बांधत नाही? त्याला तेव्हा कर्जाची आतली गोष्ट ठाऊक होती असं दिसत नाही, पण 1520 साली त्याने फुगरांना लगाम घाला असं नाव घेऊन लिहिलं. ल्यूथर व्यापाराचा पक्षपाती होता हा आणखी एक पाठ केलेला समज आहे. व्याजाविरुद्ध त्याने कडक शब्दांत लिहिलं. उलट पाच टक्के व्याज घेणं रास्त आहे, असा वाद 1515 मध्ये बोलोन्यात घालणारा ‘योहान एक’ नावाचा धर्मपंडित पुढे कॅथलिक बाजूने ल्यूथरशी भिडला.

शेवटची गोष्ट. 1505 साली पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचं आरमार हिंदुस्थानकडे निघालं, त्यातल्या जहाजांत ऑग्सबर्गच्या व्यापाऱ्यांचा पैसा होता, फुगरचाही. त्याच आरमारातून आलेला आल्मेदाचा मुलगा लोरेन्सू 1508 साली मामलुक आरमाराशी लढताना मारला गेला, तो चौलच्या खाडीत. पापमुक्तीच्या पत्रांतून ज्याचं कर्ज फिटत होतं, त्या सावकाराचं भांडवल आधीच आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन गेलं होतं.

चौलच्या त्या लढाईबद्दल मला बरंच बोलायचं होतं, ते प्रश्नोत्तरांत बोलू. डावीकडून हात वर झालेला दिसतो आहे, विचारा.