गाव कुठलं तुमचं?

नमस्कार, श्रोतेहो.

लोकलमध्ये शेजारच्याशी जरा सूर जुळला की दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न ठरलेला असतो: "गाव कुठलं तुमचं?" माणूस परळला जन्मलेला, परळलाच शिकलेला, नोकरी फोर्टात. तरी तो "परळ" म्हणत नाही. "आम्ही तसे सावंतवाडीकडचे..." अशी सुरुवात होते आणि अंधेरी येईपर्यंत गणपतीच्या गाडीच्या तिकिटांपर्यंत गप्पा जातात.

हाच प्रश्न काही फुटबॉलपटूंना विचारला तर त्यांची पंचाईत होते. जन्म एका देशातला, अंगावर जर्सी दुसऱ्या देशाची. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

त्यातला पहिला मी डोळ्यांनी पाहिलेला. २००८ च्या सुमाराला ऑफिस सुटलं की मी चर्चगेटकडून चालत कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर जायचो. मुंबईची महिंद्रा युनायटेड ही टीम तेव्हा जोरात होती. त्यांच्याकडे इझुमी अराता नावाचा एक बारकेला, चपळ खेळाडू होता. माझ्या मागच्या बाकावर एक काका शेंगदाण्याची पुडी घेऊन बसायचे आणि तोंडातला घास न संपवताच ओरडायचे, "ए जपान, सोड की बॉल!" त्याचं नाव घ्यायचे कष्ट आमच्यापैकी कुणी घेतले नाहीत. तोही कधी वळून बघायचा नाही. पास मात्र पोचायचा.

हा 'जपान' वडिलांकडून गुजराती होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आई जपानी, जन्म १९८२ चा, शिमोनोसेकीचा. २००६ मध्ये कोलकात्याला ईस्ट बंगाल क्लबकडे आला, तिथून मुंबई आणि २००९ मध्ये पुणे एफसी. इथे आपला कायदा आडवा येतो. दोन नागरिकत्वं भारताला चालत नाहीत, जपानलाही नाहीत. शिवाय २००८ पासून सरकारचं धोरण असं, की देशाकडून खेळायचं तर भारताचाच पासपोर्ट हवा; परदेशस्थ भारतीयाचं ओसीआय कार्ड चालणार नाही. थोडक्यात, एक पासपोर्ट टेबलावर ठेवल्याशिवाय दुसरा मिळत नाही. अराताने तो ठेवला. २०१२ मध्ये तो भारताचा नागरिक झाला आणि त्याने नाव घेतलं नीलकंठ खंभोळजा, म्हणजे आडनाव वडिलांचं.

आपल्याकडे दत्तकविधानात मुलाचं नाव बदलतं, गोत्र बदलतं, पण त्या पोराला कुणी विचारत नाही. इथे तिशीतला गडी आपणहून पाटावर येऊन बसला होता! फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीला पॅलेस्टाईनविरुद्ध तो पहिल्यांदा भारताकडून उतरला. आपण ४-२ असे हरलो. पुढे त्याच्या वाट्याला आलेले सामने बोटांवर मोजण्याइतकेच. मला अजूनही चुटपुट लागते, कारण त्याची उमेदीची वर्षं आपल्याच मैदानांवर गेली, पण 'परदेशी खेळाडू' म्हणून.

बाहेर हा मामला जुना आहे. लुईस माँटी १९३० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाकडून खेळला आणि १९३४ च्या अंतिम सामन्यात इटलीकडून. आज ते जमणार नाही. आता फिफाचा, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा, नियम साधारण असा आहे: मैत्रीपूर्ण सामना खेळलात तर त्या देशाशी बांधले जात नाही, स्पर्धेतला खेळलात की बहुतेक बांधलेच गेलात. २०२० मध्ये त्यात थोडी सूट आली, तीही एकविसाव्या वर्षाच्या आत खेळलेल्या जास्तीत जास्त तीन सामन्यांपुरती. डिएगो कोस्टा ब्राझीलकडून दोन मैत्रीपूर्ण सामने खेळून स्पेनकडे गेला तो आधीच्या, मैत्रीपूर्ण सामन्यांच्या फटीतून. २०१४ चा विश्वचषक नेमका ब्राझीलमध्ये. त्याच्या पायाला चेंडू लागला की अख्खं स्टेडियम हुर्यो करायचं.

पण मला आठवतो तो ब्रील एम्बोलो. जन्म कॅमेरूनमधल्या याउंदेचा, लहानपणीच आईबरोबर युरोपात आला आणि बासेलला वाढला, स्विस झाला. २०२२ चा विश्वचषक, कतार, स्वित्झर्लंडचा पहिलाच सामना, आणि समोर कॅमेरून. उत्तरार्ध सुरू होऊन तीन मिनिटं झाली होती. सहकारी शाकिरीचा पास आला आणि एम्बोलोने गोलजवळून चेंडू जाळ्यात मारला. सहकारी धावत आले. हा मात्र जागच्या जागी उभा. दोन्ही हात वर, तळवे उघडे, मग एक हात तोंडाशी. सासरच्या बाजूने खेळताना माहेरावर गोल केल्यावर दुसरं काय करणार? स्वित्झर्लंड त्या एका गोलावर जिंकलं.

आता थेट आपल्या शहराची गोष्ट. रायन विल्यम्स, जन्म १९९३, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. इंग्लंडच्या क्लबांतून खेळला, ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळला आणि २०२३ मध्ये बंगळुरू एफसीकडे आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं. भारताचा पासपोर्ट त्याच्या हातात दिला तो सुनील छेत्रीने. लगेच संघाबरोबर ढाक्याला गेला, पण ऑस्ट्रेलियाकडचा ना हरकत दाखला वेळेत आला नाही, म्हणून बांगलादेशविरुद्ध त्याला खेळताच आलं नाही. आपण तो सामना १-० ने हरलो. सरकारी कचेरीत एका शिक्क्यासाठी "उद्या या" ऐकलेल्या प्रत्येकाला त्याचं दुःख समजेल.

या विल्यम्सची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली. आजोबा पन्नासच्या दशकात संतोष ट्रॉफीत, म्हणजे राज्यांच्या संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, मुंबईकडून खेळलेले. उद्या तो चर्चगेटला लोकलमध्ये चढला आणि शेजारच्याने सवयीने विचारलंच, "गाव कुठलं तुमचं?", तर त्या अख्ख्या डब्यात "मुंबई" असं उत्तर देणारा बहुधा तो एकटाच निघेल.

नमस्कार.