एका खोलीतली हवा

श्रोतेहो, नमस्कार.

माण तालुक्यातल्या एका घरी आशाताईंबरोबर गेलो होतो. घरचा कर्ता मुलगा वाशीच्या बाजारात माथाडी. दोन महिने खोकला अंगावर काढून तो गावी आला, बेडका तपासला आणि टीबी निघाला. त्याची औषधं सुरू झाली. ओसरीवर त्याची आई, बायको आणि दोन मुली बसल्या होत्या. टीबीचा जंतू शरीरात शिरलाय का हे बघायला दोन दिवसांपूर्वी धाकटी सोडून तिघींच्या हातावर, कातडीत, सुई टोचली होती. ती जागा बघायला आम्ही आलो होतो.

इथं लाली मोजायची नसते, टणकपणा मोजायचा असतो. बॉलपेनची रेघ गाठीकडे ओढत न्यायची, पेन अडलं की थांबायचं. दुसऱ्या बाजूनंही तसंच करायचं, मग मधलं अंतर पट्टीनं बघायचं. आजींची गाठ 14 मिलिमीटर भरली. 10 किंवा त्याहून जास्त भरली, तर जंतू शरीरात शिरलेला आहे असं धरतात.

आजी म्हणाल्या, "मला ना खोकला, ना ताप. मग गोळ्या कशाला, डॉक्टर?"

प्रश्न रास्त होता. जंतू शिरला म्हणजे आजार झाला असं नाही. शरीर त्याला घेरून कोंडून ठेवतं. माणूस धडधाकट असतो, त्याच्यापासून कुणाला लागणही होत नाही. 2019 ते 2021 मध्ये देशभर झालेल्या पाहणीत 15 वर्षांवरच्या जवळपास 31 टक्के लोकांत असा सुप्त संसर्ग आढळला, खेड्यात आणि शहरात, दोन्हीकडे. त्यांतल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांना पुढे कधीतरी टीबी होतो, आणि धोका सगळ्यात जास्त पहिल्या दोन वर्षांत असतो. साखरेचा आजार, एचआयव्ही, तंबाखू, अर्धपोटी राहणं, यांपैकी काही असलं तर कोंडलेला जंतू उठण्याचा धोका वाढतो. पोटाचं तर मी मुद्दाम सांगतो. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना दरमहा माणशी 5 किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, तर त्यांच्यातलं टीबीचं प्रमाण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटलं. डाळतांदळानं!

पुढे टीबी होऊ नये म्हणून आजींना गोळ्यांचे आठवड्यातून एकदा, असे बारा डोस ठरले. आधी एक्स-रे काढून आजार नाही याची खात्री केली. लघवी नारिंगी होईल, घाबरू नका. पण डोळे पिवळे दिसले किंवा अन्नावरची वासना उडाली, तर लगेच या, असं बजावलं. धाकटी चार वर्षांची. पाचाच्या आतल्या लेकराला सुईची वाट न बघता, आजार नाही एवढं पाहून गोळ्या देतात. आजींनी गुरुवार धरला आणि कॅलेंडरवर बारा गुरुवारांना हळदीचं बोट लावून ठेवलं.

निघताना सूनबाईंनी विचारलं, "आणि खोलीवरची माणसं?"

मी थांबलो. आमच्या यादीत नावं होती ती शिधापत्रिकेवरची. मुलगा मात्र वर्षातले दहा महिने कोपरखैरण्याच्या एका खोलीत आठ जणांत झोपत होता. एकच खिडकी, तीही मच्छरांमुळे बंद. हवा त्यांनी वाटून घेतली होती, आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

श्रोतेहो, तुमच्या घरात कुणाला टीबी निघाला, तर नोंद घेणाऱ्या ताईंना खोलीवरचे सोबती, एका पंगतीचे, एका गाडीतले, सगळे सांगा. शहरात असाल तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात स्वतः जा. तपासणी आणि गोळ्या फुकट आहेत. चौकशीला 1800-11-6666 हा फोनही फुकट लागतो.

त्या मुलानं ओसरीवरूनच फोन लावले. सातांपैकी पाच जण त्याच आठवड्यात तपासून आले. एक खटावला गेला होता, त्याला तिथल्या केंद्रानं बोलावलं. सातवा ऊसतोडीला निघून गेलाय, त्याचा फोन लागत नाही. त्याच्या गावच्या आशाताईंकडे निरोप ठेवला आहे.