दुसरा आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

कार्तिकी पौर्णिमा झाली की आमच्या पेठेतली पहाट एकदम मुकी होते. कोजागरीपासून महिनाभर विठ्ठलाच्या देवळात काकडा चालू असतो. पाचला टाळ वाजायला लागतात आणि अंथरुणात पडल्यापडल्या आज कोण आलंय, कोण नाही, हे नुसत्या आवाजावरून कळतं. पौर्णिमा झाली की ते संपतं. दुसऱ्या दिवशी पाचला जाग येते ती सवयीनं, आणि ऐकू येते फक्त दूधवाल्याची मोटरसायकल.

मी लहान असताना आमच्या वाड्यातले एक काका या काकड्याला हमखास असायचे. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. आवाज असा, की माणूस रांजणात तोंड घालून बोलतोय. बाकीची मंडळी ज्या पट्टीत आरती धरायची तिथवर अप्पांचा गळा पोचायचाच नाही. मग ते खालून, आपल्या सोयीच्या सुरातून तीच चाल उचलायचे आणि शेवटपर्यंत तिथून हलायचे नाहीत. 'अप्पांची आरती वेगळ्या देवाची' असं पुजारीच म्हणायचे. पोरं फिदीफिदी हसायची, त्यात मीही होतो. अप्पा बेसूर आहेत हे वाड्यात सर्वमान्य होतं; नळ पहाटे साडेचारला येतो, तितकं सर्वमान्य.

अप्पा बेसूर नव्हते हे कळायला मला वीस वर्षं लागली. आणि ते कळलं पुण्याच्या कॅम्पात.

नोकरीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक मित्र होता. मूळ गोव्याकडचं घराणं, पण तीन पिढ्या पुण्यात. रविवारी चर्च आटोपलं की त्याच्याकडे जेवायला जायचं, असा आमचा शिरस्ता झाला होता. त्या घरात गाण्याला बसायचं असं काही नसे. आई कांदा चिरताचिरता एखादा मांडो, म्हणजे गोव्याकडचं कोंकणी गाणं, सुरू करायची आणि वडील वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता दुसऱ्या सुरातून तिला येऊन मिळायचे. तीच चाल, तेच शब्द, पण जरा खालून. कोंकणी मांडो तसाच गातात, दोन आवाजांत. मी घास हातात धरून ऐकत राहायचो. मला अप्पा आठवायचे.

मित्राला एकदा अप्पांची नक्कल करून दाखवली. तो हसला नाही. म्हणाला, "पुन्हा म्हण." मग स्वतः वरची, देवळातली पट्टी धरून मला खालची अप्पांची धरायला लावली. दोन ओळी झाल्यावर म्हणाला, "तुझे काका खालच्या पंचमातून गात होते. युरोपातल्या मठांत हजार वर्षांपूर्वी साधू असंच गायचे. तिथं त्यांना कुणी हसलं नसतं, पुढं बसवलं असतं." नवव्या शतकातल्या तिकडच्या ग्रंथांत या गाण्याचे नियमच लिहून ठेवलेत, हे मी पुढं वाचलं. तेव्हा अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्या दिवसापासून मला जुन्या हार्मनीच्या, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांतून म्हटलेल्या, गाण्यांचा नाद लागला. कुणाला पत्त्यांचा लागतो तसा. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथं कुलपं, पाने, तुटके पंखे यांच्या ढिगात कधी कधी तबकड्या सापडतात. मिल्स ब्रदर्सची माझी पहिली लाँगप्ले तिथलीच. वेष्टण फाटकं, एका बाजूला चरा, पण वाजते.

हे मिल्स बंधू म्हणजे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या पिक्वा गावचे चार सख्खे भाऊ. वडिलांचं केस कापायचं दुकान. सांगतात ते असं, की गावातल्या एका स्पर्धेत स्टेजवर गेल्यावर लक्षात आलं, तोंडानं वाजवायची पिपाणी घरीच राहिलीय. त्यांच्यातल्या एकानं दोन्ही हातांची ओंजळ तोंडापुढं धरली आणि तुतारीचा आवाज गळ्यातूनच काढला. पुढं तीच त्यांची खासियत झाली. तुम्ही ऐकत असता ट्रंपेट, ट्रॉम्बोन, खाली घुमणारा ट्यूबा, आणि असतात ती चार तोंडं. लोकांचा विश्वास बसेना, म्हणून सुरुवातीच्या तबकड्यांवर छापावं लागलं, की यात एका गिटारखेरीज दुसरं वाद्य नाही.

खालचा आवाज थोरल्या जॉनचा. 1936 साली तो गेला, ऐन पंचविशीत. इमारतीची पायाची ओळच निघून गेली. तिघं थांबणारच होते. पण मग तो खालचा आवाज धरायला कोण उभं राहिलं? वडील. ते केस कापणारे वडील मुलाच्या जागी उभे राहिले आणि पुढं वीस वर्षं मुलाचा सूर गात राहिले. हे कळल्यावर त्या तबकड्या मी पुन्हा लावल्या आणि वरची चाल सोडून फक्त खालचा आवाज ऐकत बसलो. तुम्हीही कधी करून बघा. पहिल्यांदा तो सापडतच नाही. सापडला तरी दोन ओळींनंतर हातातून सुटतो, कारण आपला कान सवयीनं चालीकडे धावतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो धरून ठेवता येतो, आणि मग ते गाणं पूर्वीसारखं ऐकता येत नाही.

एव्हर्ली बंधू हेही अमेरिकेतलेच, पण त्यांचं वेगळं. ते दोघंच. डॉन खालून, फिल वरून. आपल्या भाषेत सांगायचं तर एकानं सा रे ग म्हटलं की दुसरा त्याच वेळी ग म प म्हणतो, आणि दोघं एकमेकांपासून तेवढंच अंतर राखून चालत राहतात, वारीतल्या दोन दिंड्यांसारखे. ही दोन मुलं आईवडिलांबरोबर लहानपणी रेडिओवर गायची, हे मी या स्टुडिओत बसून जरा अभिमानानंच सांगतो. 1973 मध्ये भर कार्यक्रमात दोघांचं फाटलं, आणि दहा वर्षं ते एकत्र गायले नाहीत. 1983 ला लंडनमध्ये पुन्हा उभे राहिले. त्या कार्यक्रमाचं मुद्रण आहे. दोघांमधलं अंतर तेच, एक केसभरही हललेलं नाही. मी स्वरांमधल्या अंतराबद्दल बोलतोय.

आता इथं जरा आकडे सांगतो, कंटाळू नका. सा सेकंदाला 240 कंपनांचा धरला, तर कानाला पूर्ण विसावा देणारा गंधार 300 चा, पंचम 360 चा. चार, पाच, सहा असं सरळ प्रमाण. दोन-चार गळे या प्रमाणात नेमके बसले, की खोलीत कुणीच न गायलेला आणखी एक सूर ऐकू येतो. तिकडचे गायक म्हणतात, सूर 'वाजला'. आपल्याला हे नवीन नाही. डिसेंबरात सवाईला मफलर गुंडाळून बसलेला कुठलाही पुणेकर तुम्हाला सांगेल, की तानपुऱ्याच्या चार तारांत गंधाराची तार नसते, पण जवारी, म्हणजे तारांची झणकार, चांगली लागली की खर्जातून गंधार आपोआप बोलायला लागतो. स्वयंभू गंधार म्हणतो आपण त्याला. आणि अप्पा? सगळे 240 वर, तर अप्पा खालच्या पंचमावर, म्हणजे 180 वर. चारास तीन. हिशेब चोख.

पेटीचा गंधार मात्र तीनशे दोनच्याही किंचित वर जातो. तेवढ्या दोन-अडीच कंपनांसाठी, आणि पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, निघत नाही म्हणून, याच आकाशवाणीनं 1940 पासून तीस वर्षं पेटीला स्टुडिओचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. मला विचाराल तर कान त्यांचा बरोबर होता, शिक्षा जास्त झाली.

ऐकणं निराळं आणि गाणं निराळं, हे मला मित्राबरोबर गायला लागल्यावर कळलं. तो चाल धरायचा, मी दुसरा आवाज. पहिली ओळ ठीक जायची. दुसऱ्या ओळीत माझी गाडी हळूच सांधा बदलायची आणि मी त्याच्याच रुळावर! ऑफिसच्या स्नेहसंमेलनात तर मी असा घसरलो, की शेवटच्या कडव्याला आम्ही दोघं एकच चाल म्हणत होतो आणि लोकांना वाटलं, आता कुठं यांचं जुळलं. टाळ्याही तिथंच पडल्या. मित्र एवढंच म्हणाला, "तू माझं ऐक. पण माझ्या मागं येऊ नकोस." गेली तीस-पस्तीस वर्षं मी तेवढंच शिकतोय.

घरी सराव करायची सोय नव्हती. सौभाग्यवतींचं म्हणणं, एकट्यानं म्हटलेला दुसरा आवाज म्हणजे जेवणात नुसती चटणी. म्हणून आम्ही टेकडीवर जायला लागलो. लॉ कॉलेजच्या मागच्या वाटेनं चढायचं आणि वेताळ टेकडीवरच्या दगडाच्या खाणीपर्यंत जायचं. काळ्या कातळाच्या कडा, तळाशी साठलेलं पाणी. काठावर उभं राहून गायलं की आवाज घोटाळून परत येतो आणि तुम्ही कुठं घसरलात ते तुम्हालाच ऐकवतो. इतका स्पष्टवक्ता गुरू पुण्यातसुद्धा दुर्मीळ.

टेकडीवर जायला हेच दिवस उत्तम. कार्तिक सरून मार्गशीर्ष लागला की सूर्य पावणेसातला येतो आणि तोवर सगळं गवत दवानं जड झालेलं असतं. खाली डेक्कनच्या गल्ल्यांत बुचाची फुलं पडलेली असतात, लांब देठांची, पांढरी. त्यांचा वास चढाच्या निम्म्यापर्यंत नाकात राहतो. परदेशी गाण्यांत ऐकतो तशी लाल-पिवळी पानगळ आपल्याकडे या दिवसांत शोधू नये. त्यांची झाडं थंडीच्या चाहुलीनं पानं टाकतात, आपली पाणी आटल्यावर. सालई आणि मोई खराट्यासारख्या व्हायला अजून अवकाश असतो. आपल्याकडे आधी गवत रंग बदलतं. श्रावणातली हिरवी टेकडी आता सिंहाच्या पाठीसारखी दिसते, आणि वाऱ्याची झुळूक आली की तिच्यावरून कुणीतरी हात फिरवल्यासारखं वाटतं.

या गवतातलं कुसळी गवत मोज्यांत शिरतं आणि माणूस टेकडीला शिव्या देतो. पण एक गंमत करा. एक कुसळ काढून तळहातावर ठेवा आणि त्यावर बाटलीतलं थेंबभर पाणी सोडा. त्याची पिळलेली काळी शेपटी हळूहळू उलगडायला लागते आणि कुसळ हातावर स्वतःभोवती फिरतं, घड्याळाच्या काट्यासारखं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. रात्री दव, दिवसा ऊन. पीळ सुटतो, पीळ बसतो, आणि त्या फिरण्यानं टोकाचं बी गिरमिटासारखं मातीत शिरत जातं. मोज्यातही ते हेच करत असतं. त्याला काय ठाऊक, ही माती नाही, नायलॉन आहे.

पक्ष्यांचं म्हणाल तर थिरथिरा आलेला असतो, उत्तरेकडून. एखाद्या दगडावर बसून शेपूट थरथरवत राहतो, जणू थंडी त्यालाच वाजतेय. सातभाईंचा थवा झुडपाखाली पाचोळा उपसत असतो. हेही भाऊच, पण एकाचा आवाज दुसऱ्याला धरून असेल तर शपथ.

आणि भारद्वाज. तो दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात. मी त्याला बघण्यापेक्षा ऐकायला थांबतो. झाडीतून 'कूप-कूप-कूप' असा घुमणारा आवाज येतो, रिकाम्या माठावर थाप मारल्यासारखा. बरीच वर्षं मला वाटायचं, एकच पक्षी गातोय. मग एका सकाळी मित्रानं दंड धरून थांबवलं. "दोन आहेत," म्हणाला. "खालचा ऐक." पहिल्या आवाजाच्या पोटात दुसरा होता, जरासा खाली. भारद्वाजाची जोडी अशी मिळून गाते, आणि त्यात खालचा सूर मादीचा असतो. मिशीवाले दोन कारकून रस्त्यात टाचा उंचावून उभे, हे बघून फिरायला आलेल्या एका आजोबांनी विचारलं, "बिबट्या आहे का हो?"

एक सांगायचं राहिलं. हार्मनी आपल्या सिनेसंगीतात नव्हती असं नाही. शंकर-जयकिशनसाठी सेबास्टियन डिसोझांनी वाद्यांच्या ज्या दुसऱ्या ओळी लिहिल्या, त्या लताबाईंच्या आवाजामागे ऐका. गोव्यातले असे कितीतरी वादक-संयोजक पडद्यामागे होते. आणि सलिल चौधरींनी तर 1950 च्या दशकात मुंबईत वृंदगायनाचा संचच उभा केला. पण तो विषय मोठा आहे, आणि समोरचं घड्याळ माझ्याकडे बघतंय.

मित्राचे गुडघे आता टेकडी चढू देत नाहीत. मी एकटा जातो, खाणीच्या काठावर उभा राहून दुसरा आवाज म्हणतो. चाल कुणीच म्हणत नसतं. खाण तीच ओळ परत पाठवते आणि ती आता बहुतेक वेळा घसरलेली नसते. परवा उतरताना वाटेत त्याला फोन लावला. चालता चालता जरा धाप लागली होती. म्हटलं, "धर." त्यानं तिकडून, कॅम्पातल्या गॅलरीतून, चाल धरली. फोनवर आवाज अर्ध्या श्वासानं मागं येतो, त्यामुळं जमलं नाहीच. पण वाटेवरची दोन कॉलेजची पोरं थांबून बघायला लागली, तेव्हा मी जरा रेटूनच गायलो.

घरी आलं की पायरीवर बसून मोज्यातली कुसळं काढायची. वीसेक मिनिटं जातात. आत मिल्स बंधूंची तबकडी लावून ठेवलेली असते. तिची एक बाजूही तेवढ्याच वेळात संपते. मग एक मोजा पायात आणि एक हातात, असा उठून मी ती उलटी करतो.

नमस्कार.